गडाच्या वाटेवरचा साकव: टोकं कोरडी ठेवा

कोकणात साकव ही काही नवी गोष्ट नाही. पाऊस लागायच्या आधी वाडीतली माणसं जमतात, पऱ्यावर, म्हणजे लहान ओढ्यावर, दोन पोफळी नाहीतर माडाचं खोड आडवं टाकतात, हाताला धरायला एका बाजूने काठी बांधतात आणि पुढचे चार महिने शाळा, शेत, दुकान सगळं त्यावरून चालतं. पोफळ भुसभुशीत झाली की नवी टाकायची. वाडीला एवढं पुरतं, कारण त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला पाय कुठे ठेवायचा ते ठाऊक असतं.

किल्ल्याच्या किंवा कातळशिल्पांच्या वाटेवरचा साकव वेगळा, कारण तिथे येणारा माणूस अनोळखी असतो. तो सुट्टीच्या दिवशी घोळक्याने येतो, मधोमध थांबतो आणि फोटोसाठी सगळा घोळका एका कठड्याला टेकतो. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पादचारी पूल कोसळला, तेव्हाही पुलावर पर्यटकांची गर्दी होती. त्यानंतर महिनाभरातच, ११ जुलैला, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे आपल्या किनाऱ्यावरचे चार किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. आता आसपासच्या लहान गडांवरही पावलं वाढणार. तिथे वाटा नीट करणारे बहुतेक जण स्वयंसेवकच असतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी परवानगी. केंद्र संरक्षित स्मारक असेल तर १९५८ चा कायदा आणि त्याची २०१० ची दुरुस्ती लागू होते: संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. राज्य संरक्षित असेल तर १९६० चा महाराष्ट्राचा कायदा. जागा खाडीकाठी किंवा कांदळवनाजवळ असेल तर किनारा नियमन क्षेत्राचे नियम आणि वनखातं. ऐन, किंजळ, साग, फणस ही झाडं तोडायलाही परवानगी लागते, त्यामुळे लाकूड घ्याल तिथून वाहतुकीच्या पासासकट कागद घ्या. श्रमदान आहे म्हणून यातलं काहीच माफ होत नाही. आणि परवानगी मागताना एक वाक्य अर्जात आवर्जून घाला, मग ते शब्दशः पाळा: हा साकव पूर्ण सुटा करता येईल आणि काढल्यावर जागेवर एकही खड्डा राहणार नाही.

पुढची सगळी रचना या वाक्यातून ठरते. गडाच्या तटाला, जुन्या पायरीला, कातळाला साकवाचं काहीही टेकत नाही आणि कातळात गिरमिट चालवायचं नाही. पायासाठी खणायचं नाही, वरची पालापाचोळ्याची माती फक्त खरवडून घ्यायची. त्यात जुनं खापर, विटेचा तुकडा, काहीही दिसलं तर ते जागच्या जागी ठेवून काम थांबवायचं आणि पुरातत्त्व खात्याला कळवायचं. गडावर विखुरलेले दगड तर मुळीच वापरायचे नाहीत. पडका चिरा हा पडलेल्या भिंतीचा पुरावा असतो, तो कुठे पडलाय यालाही अर्थ असतो. नवे चिरे बाहेरून आणा आणि प्रत्येकाच्या मागच्या अंगाला छिन्नीने बांधल्याचं साल कोरा. पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक आला तर नवं काय नि जुनं काय हे त्याला लगेच कळलं पाहिजे.

आता जागा. पऱ्यावर सर्वांत अरुंद ठिकाण गाठण्याचा मोह होतो, पण अरुंद जागी पाण्याला जोर जास्त आणि काठ खचका. त्यापेक्षा सरळ वाहणारा, दोन्ही काठ घट्ट असलेला तुकडा बरा, साकव दोन फूट लांबला तरी चालेल. पुराची रेघ शोधायची ती श्रावणात नव्हे, ऑक्टोबरात: करवंदीच्या जाळीत अडकलेला पाला, प्लास्टिक, दोऱ्या कुठल्या उंचीवर आहेत ते पाहा आणि शेजारच्या घरात विचारा. २०२१ च्या जुलैत, चिपळूण बुडालं त्या आठवड्यात, पाणी कुठवर होतं हे लोकांना पक्कं आठवतं. तुळईची खालची बाजू त्या रेघेच्या वर किमान २ फूट राहिली पाहिजे. मध्ये खांब देऊन लांबी निम्मी करायचा विचार सोडून द्या. पहिल्याच मोठ्या पाण्यात त्याला फांद्या अडकतात, बांध तयार होतो, पाणी बाजूने काठ कापतं आणि साकवासकट सगळं जातं.

साकव खंदकावर घालायचा असेल तर एक जास्तीची काळजी. खंदकाची कड बहुतेक ठिकाणी सुट्या चिऱ्यांची असते. तुळई अगदी कडेवर ठेवली तर कड आत ढासळते. दोन्ही बाजूंना ३ फूट मागे या. लांबी ६ फुटांनी वाढेल, ती वाढू द्या.

खाली दिलेली मापं १६ फूट मोकळं अंतर आणि ४ फूट रुंदीच्या साकवाची आहेत. २० फुटांपलीकडे या पद्धतीने जाऊ नये, तिथे अभियंत्याकडून वेगळी रचना करून घ्या. १६ फुटांचीही मापं स्थानिक अभियंत्याला दाखवून त्याची सही घ्याच.

पायथ्यापासून सुरू करू. दोन्ही काठांवर जांभ्याच्या चिऱ्यांचा ओटा: ५ फूट रुंद, पुढून मागे ३ फूट, २ फूट उंच. १४ × ९ × ७ इंची चिरा धरला तर एका ओट्याला ५८-६० लागतात, तूटफूट धरून दोन्हींना मिळून १३० मागवा. एक चिरा भरतो २५-३० किलोचा, म्हणजे उतारावरून माणसांची साखळी लावून पोचवायचा तर १५ माणसांना एक सकाळ जाते. सांधेमोड करून रचा, म्हणजे वरचा सांधा खालच्या सांध्यावर येता कामा नये. चिऱ्यांमधल्या दर्जा, म्हणजे सांध्यांच्या फटी, भरायच्याच असतील तर चुन्याने, १ भाग चुना ३ भाग वाळू. सिमेंट नको. जांभा सच्छिद्र दगड आहे, ओल घेतो आणि सोडतो. सिमेंटची दर्ज ओल अडवते, मग चिराच सांध्याच्या कडेने झडतो. शिवाय सिमेंटने जोडलेला ओटा सुटा काढता येत नाही. वाळू खाडीची असेल तर मीठ जाईपर्यंत गोड्या पाण्यात धुतल्याशिवाय वापरू नका. ओट्याच्या पाण्याकडच्या पायाशी मोठे, दोघांना उचलावे लागतील असे दगड पसरा, म्हणजे पाणी ओट्याखालची माती ओढत नाही.

ओटा ढासळतो तो बहुधा पऱ्याच्या पाण्याने नाही, वाटेवरून उतरणाऱ्या पाण्याने. पावसात गडाची वाट हीच एक पन्हळ होते. ते पाणी थेट ओट्याच्या पाठीत घुसतं, मागची माती वाहून नेतं आणि ओटा मागच्या मागे बसतो. त्यासाठी साकवाच्या १० फूट अलीकडे वाटेवर तिरकी चर काढा, आत दगड बसवा, पाणी बाजूला सोडा. ही चरच पहिल्यांदा बुजते, ते लक्षात असू द्या.

ओट्यावर तुळई थेट ठेवायची नाही. प्रत्येक टोकाखाली काळ्या पाषाणाचा एक तुकडा: सव्वा फूट चौरस, ६ इंच जाड, वजन ६० किलोच्या आसपास. तीन तुळयांना असे सहा दगड. माथ्याला बाहेरच्या अंगाला किंचित उतार काढून घ्या, जेणेकरून त्यावर पाणी थांबणार नाही. सहाही दगड पाणसळीने एका पातळीत आणा. एक जरी पाव इंच खाली राहिला तर साकव डुगडुगतो, आणि डुगडुगणाऱ्या साकवाचे बोल्ट एका पावसाळ्यात सैल होतात.

लाकूड ऐनाचं घ्या, नाहीतर किंजळाचं. आंब्याचं स्वस्त मिळतं, पण उघड्यावर ते टिकत नाही. घेताना बाहेरचा फिकट भाग तासून काढलेला हवा, गडद गाभाच हवा, कारण वाळवी आणि बुरशी पहिल्यांदा फिकट भागालाच लागते. तुळई ५ × १० इंच, १८ फूट लांब, नग ३. एक तुळई सव्वासहा घनफूट, तिन्ही मिळून १९ घनफूट धरा. वाळलेली एक तुळई दीडशे किलोच्या पुढे जाते, ओली आणखी जड. आठ माणसं, चार काठ्या आणि काथ्याचे दोर लागतात. ऐन वाळताना टोकांना तडकतो, म्हणून गिरणीतून आल्या आल्या टोकांना मेण किंवा जाड रंग लावा आणि मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचून ठेवा. प्रत्येक तुळईला थोडा बाक असतोच, बसवताना तो वरच्या अंगाला ठेवा.

५ × १० च का, ४ × ८ का नाही, हा प्रश्न दरवेळी निघतो. माणसांची दाटी झाली तर प्रत्येक चौरस मीटरवर ४०० किलो धरतात. आपल्या साकवावर ते २४०० किलो होतात आणि त्यातला निम्मा भार एकटी मधली तुळई घेते. ४ × ८ ची तुळई त्या भाराखाली तिच्या सोसण्याच्या वर जाते, विशेषतः लाकूड ओलं असताना. ५ × १० ची ताकद जवळपास दुप्पट. लाकूड वाचवायचं असेल तर रुंदी ३ फूट करा, तुळई बारीक करू नका.

आणि आता टोकं. लाकडी साकव मधून मोडला असं क्वचितच होतं. तो टोकाला कुजतो. कारण साधं आहे: तुळईचं टोक म्हणजे उघड्या नळ्यांची मोळी. आडव्या अंगापेक्षा टोकातून लाकूड कितीतरी पटीने जास्त पाणी पितं. त्यात ओट्यावर माती, पाला साचला की टोक आषाढापासून कार्तिकापर्यंत ओलंच राहतं. बाहेरून तुळई ठणठणीत दिसते, आत भुगा होतो. हे टाळायला टोकामागे ४ इंच मोकळी जागा सोडा, तिथे माती टेकता कामा नये. टोक आणि पाषाण यांच्यामध्ये अर्धा इंच जाड कडक रबराचा तुकडा ठेवा, तुळईच्या रुंदीपेक्षा थोडा कमी, म्हणजे पाणी त्याच्या कडेला अडणार नाही. टोकाला कधीही गवंडीकामात गाडू नका. कोनाडा करून त्यात तुळई बसवली की देखणी दिसते खरी, पण तो कोनाडा म्हणजे पाण्याची वाटी होते.

तुळईच्या माथ्याचंही तेच. फळ्यांचे स्क्रू जिथे शिरतात तिथून पाणी आत उतरतं. म्हणून फळ्या ठोकायच्या आधी प्रत्येक तुळईवर ६ इंच रुंद डांबरी फेल्टची पट्टी अंथरा, दोन्ही कडांनी अर्धा इंच बाहेर लोंबेल अशी.

फळ्या दीड इंच जाड, ६ इंच रुंद, ४ फूट लांब, मध्ये १० मिमी फट ठेवून ३४ लागतात. फट राखायला १० मिमीची सळई मध्ये धरायची आणि पुढची फळी लावायची. घट्ट लावलेल्या फळ्या पावसात फुगतात, एकमेकींना ढकलतात, फटीत माती अडकते आणि त्यावर गवत उगवतं. प्रत्येक फळीला प्रत्येक तुळईवर दोन स्क्रू, म्हणजे एकूण २०४, पडलेले-मोडलेले धरून २२५ आणा. ४ इंची, ६ मिमी जाडीचे, ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे. समुद्रावरून खारं वारं येणाऱ्या जागी साधा लोखंडी खिळा गंजून फुगतो आणि फळी फाडतो, ३०४ प्रतीवरही तांबूस डाग धरतात. ऐन कडक आहे, गिरमिटाने आधी भोक पाडल्याशिवाय स्क्रू घातला तर एकतर फळीचं टोक चिरतं नाहीतर स्क्रूचं डोकं तुटतं. फळीत ६ मिमी, तुळईत ४ मिमी. कडेच्या तुळयांची बाहेरची अंगं ४ फुटांच्या आत प्रत्येकी इंचभर घ्या, म्हणजे फळ्यांवरून गळणारं पाणी तुळईवर न येता खाली पडेल.

तेल लावायचं तर काजूच्या टरफलाचं. होड्यांना लावतात तेच. तुळया आणि फळ्या जमिनीवर, ताडपत्रीवर असतानाच दोन हात द्या, ५ लिटर पुरतं. हातमोजे घालूनच, कातडीवर पडलं तर फोड येतात. पऱ्यावर साकव बसल्यावर वरून तेल ओतू नका, खाली कुणाची तरी विहीर असते. फळीच्या चालायच्या अंगाला तेल लावायचंच नाही, ते पहिल्या पावसात घसरतं.

कठडा साडेतीन फूट उंच. दर बाजूला ४ खांब, प्रत्येक खांब कडेच्या तुळईला १२ मिमीच्या दोन बोल्टांनी, मोठ्या वॉशरसकट. घोळका टेकला की सगळा जोर या बोल्टांवर येतो, म्हणून खांबाच्या रेषेत साकवाखालून ७ फुटी आडवं लाकूड घाला आणि त्याच्या बाहेर आलेल्या टोकापासून खांबाला तिरका टेकू द्या. आडव्या काठ्यांना माणगा बांबू उत्तम, जवळपास भरीव असतो. १०० लिटर पाण्यात ३ किलो टाकणखार आणि २ किलो बोरिक अॅसिड घालून आठवडाभर बुडवला की भुंगा लागत नाही. पावसाने ते औषध हळूहळू धुऊन जातं, त्यामुळे माणगा तीन-चार पावसाळ्यांनी बदलायचा हे धरूनच चाला.

दोन्ही तोंडांना दोन पायऱ्या ठेवल्या की मोटारसायकल वर येत नाही आणि वाटेचं पाणीही फळ्यांवर येत नाही. पण जिथली वाट सपाट आहे आणि चाकाच्या खुर्चीवरून माणूस तिथवर पोचू शकतो, तिथे पायऱ्या घालणं बरोबर नाही. तिथे १ फूट चढाला १२ फूट लांबीचा उतार करा आणि मोटारसायकल अडवायचा दुसरा उपाय शोधा.

पुराचा विचार म्हणून एका काठाकडच्या टोकाला जाड साखळी बांधून ती वरच्या अंगाच्या दणकट झाडाला, खोडाभोवती रबर गुंडाळून, सैल अडकवा. ऐन पाण्यात जेमतेम तरंगतो. कधी पाणी तुळईला लागलंच तर साकव उचलून काठाला लागतो, खाली वाहून जाऊन दुसऱ्याचा बांध फोडत नाही.

खुला करण्याआधी भार देऊन बघा. २०० लिटरची १२ प्लास्टिकची पिंपं दोन-दोनच्या सहा ओळींत सारख्या अंतरावर मांडा आणि पंपाने पऱ्याचंच पाणी भरा: २४०० किलो. त्याआधी टोकापासून टोकापर्यंत ताणलेली दोरी आणि मधली तुळई यांतलं अंतर मोजून ठेवा. भरताना साकवाखाली कोणी नको. १२ ते १५ मिमी खाली जाणं ठीक. २० च्या वर गेली, किंवा अर्ध्या तासाने पिंपं रिकामी केल्यावर तुळई पहिल्या जागी परत आली नाही, तर साकव खुला करायचा नाही. एवढा भार पेलला तरी पाटीवर मात्र «एका वेळी १० माणसं» असंच लिहा. उभा भार आणि उड्या मारणारा भार यांत फरक आहे.

यापुढचं काम वर्षाला दोन दिवसांचं, पण दरवर्षीचं. लोक बांधायला पन्नास येतात, देखभालीला पाच. पाच पुरतात, त्यांची नावं मात्र आधीच ठरलेली असावीत.

पहिला दिवस मिरगाच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात. चर मोकळी करणं, टोकांमागचा पाला हाताने उपसणं, बोल्ट आवळणं. पहिल्या वर्षी लाकूड वाळून आकसतं, तेव्हा प्रत्येक बोल्ट अर्धा-पाऊण फेरा घेतो. पुढे कमी घेतो. मग हातोडीने तुळई ठोकत जायचं, टोकापासून मधल्या दिशेने: चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द. संशय आला तिथे पेचकस दाबून बघा. गाभ्यात तो टोकभरच शिरतो. ५ मिमीपेक्षा जास्त सहज गेला तर त्या टोकाला खूण करा आणि पुढच्या वेळी पहिल्यांदा तिथेच बघा. दोन्ही वेळांमध्ये खोली वाढली तर साकव बंद करून तुळई बदला. मऊ भाग खरवडून त्यात लांबी (पुट्टी) भरणं म्हणजे रोग झाकणं.

दुसरा दिवस दिवाळीनंतर. शेवाळ काढायला काथ्याचा ब्रश, बारीक वाळू आणि पाणी एवढंच. ब्लिचिंग पावडरने शेवाळ पटकन जातं, पण क्लोरीन स्टेनलेसलाही खातं आणि पऱ्यातल्या माशांनाही. जुलै-ऑगस्टमध्ये शेवाळ फारच धरलं तर फळ्यांवर दर फुटाला एक आडवी पातळ पट्टी मारा, पाय अडकणार नाही इतकी बारीक. कोंबडीजाळी ठोकू नका, वर्षभरात तिच्या तारा तुटून वर येतात आणि अनवाणी पायात घुसतात.

सगळं एका वहीत लिहायचं: तारीख, दोरीपासून मधल्या तुळईचं अंतर, बदललेल्या फळ्यांचे क्रमांक, पेचकसाची खोली. फळ्यांना गडाकडच्या टोकापासून १ ते ३४ असे क्रमांक द्या, खालच्या अंगाला कोरून. वही पायथ्याशी राहणाऱ्या घरात ठेवा, शहरातल्या कुणाकडे नको. तिथेच सहा जादा फळ्या पडवीत उभ्या न ठेवता आडव्या, पट्ट्यांवर रचून ठेवा, आणि पन्नासेक स्क्रू डब्यात. एका लाकडातून कापलेल्या फळ्या साकवाबरोबरच वाळतात, मग भर पावसात एखादी फुटली तर तासाभरात नवी बसते, आणि तिची फट शेजारच्यांइतकीच राहते.